ज्याची सरकी निघाली नाही

प्रेषितांची कृत्ये, पहिला अध्याय, शेवट.
दोन माणसं उभी केली, चिठ्ठ्या टाकल्या,
मत्थियाची निघाली.
दुसरा योसेफ. त्याला बर्सब्बा म्हणत, युस्तही म्हणत.
तीन नावं होती त्याला,
आणि पुढच्या सत्तावीस अध्यायांत
तो कुठंच नाही.

मी दर वेळी इथं अडते.
माझ्या आज्यामुळं.

जालन्यात, निजामाच्या अमदानीत,
आमची मंडळी भरली एका जिनिंगच्या माळ्यावर.
गावातल्या माड्या दुसऱ्यांच्या,
आम्हाला पहिल्या पायरीपर्यंतच.
चौकीदार कादरमियाँनं किल्ली दिली,
पण आधी बोट नाचवून सांगितलं:
दिया नक्को, काडी नक्को, बिडी तो नक्कोच नक्को,
नीचे आठ सौ गाठां पड़े, भई.

म्हणून आमचा पेन्टेकॉस्ट अंधारात झाला.
‘अग्नीच्या जिभा’ म्हणताना दीनाबाई आवाज खाली घ्यायची,
जसं काही शब्दानंही कापूस पेटेल.
तिला वाचता येत नव्हतं,
मिशन दवाखान्यात बाटल्या धुता धुता
ऐकून पाठ झालेलं सगळं.
मधेच एखादं वचन हरवायचं.
तोवर सगळे गप्प.
खालून सरकीचा वास, वंगणाचा, उंदरांचा,
आणि अकरा माणसांचे श्वास.

एक तेलंगी पेंड भरणारा,
दोघी लमाण बहिणी, बाकीचे आम्ही,
तेही दोन वाड्यांतले.
ज्याला त्याला आपापल्या भाषेत ऐकू आलं, असं लिहिलंय.
इथं निम्म्यांना निम्मंच कळलं.
मग दीनाबाईनं भाकर काढली, महारवाड्यातली,
मांगवाड्याच्या सखूनं ती मोडली,
आणि अंधारात हात पुढं आले.

आजा सांगायचा,
“वारा न्हाई सुटला. घर न्हाई हाललं.
पर माझ्या शेजारच्यानं घास गिळला,
त्यो आवाज म्या ऐकला.”

पुढं खेड्यांवर जायला एकजण हवा झाला.
अंबड, घनसावंगी, खाली थेट गोदेपर्यंत.
एलीशा आढाव उभा राहिला, आणि शांतवन कसबे.
नावं लिहून उपयोग काय, वाचणार कोण?
सखूनं दोन सरक्या घेतल्या.
एक तशीच, लवेची.
एक नखानं खरवडून गुळगुळीत.
प्रार्थना झाली, मुठी उघडल्या,
दोघांच्या तळहातावर एक एक ठेवली.
बघायचं नव्हतंच, चाचपायचं होतं.

माझ्या आज्याच्या हातात गुळगुळीत.

एलीशा गेला. तेवीस गावं पायी.
मंदिराच्या दाराशी काळ्या दगडावर
त्याचं नाव आहे, सालासकट.

आजा दर शनिवारी माळा झाडायचा,
तूससुद्धा राहू नये म्हणून.
जिनाखालून वाकून वर यायचा
तेव्हा भुवया पांढऱ्या झालेल्या.
किल्ली कादरमियाँच्या हातात,
मग एलीशाच्या घरी दोन घागरी,
त्याची लेकरं लहान होती.

एकदा विचारलं होतं मी, वाईट वाटलं का?
तो हसला नाही.
“पयले सा म्हैने लई.
मंग झाडू घावला.”

आता मे महिना, पेन्टेकॉस्टचा रविवार,
पंखे गरम हवाच फिरवतात,
माइक मधेच खरखरतो,
आणि पाळकसाहेब पहिला अध्याय उरकून
दुसऱ्यावर धावतात, वाऱ्याकडं, अग्नीकडं.
मी बोट ठेवून मागंच.
‘ते सर्व एकत्र जमले होते.’
सर्व.
‘प्रत्येकावर एक एक अशा बसल्या.’
प्रत्येकावर.
म्हणजे तोही होता तिथं, भिंतीला टेकून,
दहा दिवसांपूर्वी ज्याची चिठ्ठी निघाली नव्हती,
त्याच्याही डोक्यावर तेवढीच ज्योत.

मग त्या दिवशी तीन हजार माणसं आली.
तेवढ्यांना पाणी कुणी दिलं,
लिहिलेलं नाही.