वडगाव, पण कुठलं?

रास्ता पेठ, दुसरा मजला, संध्याकाळचे पावणेसात.
काचपट्टीवर जांभळ्या ठिपक्यांची दाटी:
लहान, गोल, सभ्य दिसणाऱ्या पेशी.
एवढ्या असायला नकोत.
खात्रीनं म्हणता येतं ते इतकंच.

एकनाथ टिळेकर, वय अडुसष्ट.
सकाळी रक्त द्यायला स्वतःच आले होते.
फॉर्मवर मी लिहिलेलं 'वडगाव' पाहिलं,
पेन मागून घेतलं, पुढे जोडलं: 'शेरी'.
"नुसतं वडगाव लिहू नये, मॅडम.
बुद्रुक आहे, खुर्द आहे, मावळ आहे.
स्टेशनवर चौतीस वर्षं डाक छाटली मी.
पुढचा शब्द नसला
की पत्र चार-चार दिवस भटकायचं."

आता माझ्यापुढे दोन आजार, एकाच आडनावाचे.
दोघांच्याही अंगावर सीडी-फाइव्हची खूण.
एक सावकाश चालणारा. औषधही लागत नाही कित्येकदा,
दर सहा महिन्यांनी रक्त बघायचं, नातवाची मुंज करायची.
दुसरा तसाच दिसतो,
आणि सहसा थांबत नाही.

पहिल्याच्या पेशी काचेवर ओढताना फुटतात,
मागे ओल्या बोटानं फासलेल्या शाईसारखा डाग.
डाग आहेत. कमी आहेत.
दुसऱ्याच्या केंद्रकाला खाच असते.
ऋतुजा म्हणते, दिसतेय.
मी बघते. दिसते.
फोकस हलवते, दिसत नाही.

फ्लोचा आलेख आला.
सीडी-ट्वेंटीथ्री: फिकट.
धड हो नाही, धड नाही नाही,
पिनकोडवर कुणाचा तरी चहा सांडलेला.

"पहिलंच लिहू या ना," ऋतुजाची शेवटची पीएमटी,
म्हणजे आता पीएमपी, साडेसातची.
"या वयात तेच जास्त असतं."
असतं. बरोबरही ठरेल कदाचित.
बरीच पत्रं बुद्रुकलाच जात असतील.

मी लिहिते: निदान राखून ठेवले आहे.
सायक्लिन डी-वन लावायचं.
अकरा आणि चौदा या गुणसूत्रांनी
तुकडे बदललेत का, ते बघायला पाठवायचं.
आठ दिवस. धरा दहा.

फोन वाजतो. टिळेकरच.
"झाला का रिपोर्ट?"
"नाही हो. अजून छाटणीत आहे."

बराच वेळ नुसता रिक्षांचा आवाज.
मग खाकरून म्हणाले,
"पत्ता लागत नसला ना,
तर आम्ही कधी अंदाजानं टाकत नव्हतो.
वेगळा खण होता त्याला."