गुरुवार, अडीच वाजता

काकतीच्या पुढे बस मला हायवेवर सोडते,
तिथून विभागापर्यंत अकरा मिनिटं चालत.
आज चौदा लागली,
सातवी ओळ मनात पुसत होते, पुन्हा लिहीत होते.

दारावर माझं नाव, भरमाण्णांनी खडूनं लिहिलेलं.
कानडीत, इंग्रजीत, आणि खाली थोडी जागा उरली म्हणून
की काय, मराठीतही. ‘मुत्गेकर’, त पाय मोडका.
कुणी बघायच्या आत पुसू का, त्यांनी विचारलं.
राहू दे, म्हटलं.
आत जाणारे पाचच जण.

शेडबाळे मॅडम पुढच्या बाकावर, मोबाईल पालथा.
हुक्केरीची तरन्नुम, जिला माझी सिद्धता
माझ्यापेक्षा जास्त पाठ.
दोन पोरं हजेरीपुरती.
आणि खिडकीपाशी कडेमनी सर,
निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, गुरुवार सुटत नाही.
पंख्याखाली मान छातीवर टेकलेली.
झोपतात की डोळे मिटून ऐकतात
यावर विभागात दोन तट आहेत.

मी सुरू करते. लेट, म्हणते. सच दॅट, म्हणते.
या इंग्रजीत मला भाजी घेता येणार नाही,
कुणाशी भांडता येणार नाही.
कुणी एप्सिलॉन हातात दिला
तर त्याच्या मापाचा डेल्टा तेवढा शोधून देईन.

सहा ओळी झाल्या. सातवी घाईनं लिहिली.
वडगावात मागावर आई तुटल्या धाग्याची गाठ
अशीच झाकते, अंगठ्यानं दाबून, कापड पुढे सरकवून.
बंद संच, एकाच्या पोटात एक, त्याच्या पोटात एक,
म्हणून सगळ्यांत मिळून एक तरी बिंदू असणारच.
असणारच, म्हटलं, आणि लगेच
फळ्याची दुसरी बाजू पुसायला घेतली.

खिडकीकडून आवाज आला, डोळे मिटलेलेच:
‘एकापासून पुढचे सगळे. मग दोनापासून पुढचे.
मग तीनापासून. एल्ला कूडी
एन उळीतैतवा?’

खडू हातातच राहिला.
रांगेत सगळेच उभे होते.
एक गेला. दोन गेला. हजार गेला आपल्या पाळीनं.
लाख किती लांब उभा होता, तोही गेला.
रांग काही संपली नाही,
आणि शेवटपर्यंत आत कुणी राहिलं नाही.

‘काहीच नाही, सर.’
‘बंद आहे गं,’ आता डोळे उघडून, ‘पण बंधन कुठाय?’

मग मॅडम खडू घेऊन उठल्या.
हंगल्ल, हंगल्ल, म्हणत त्यांनी माझा बाण खोडला,
रुको तो, म्हणत तरन्नुमनं तो परत काढला,
मी ‘समजा’ म्हणून सुरू केलेलं वाक्य
सरांनी ‘अंदर’ म्हणून पुरं केलं,
आणि हजेरीतल्या एका पोरानं हात वर केला,
वर्षात पहिल्यांदा.
तिकडे शहरात पाट्यांवरची अक्षरं पट्टीनं मोजतात.
इथे वाक्याचा कुठला तुकडा कुठल्या भाषेतला
हे टिपायला कुणाचा हात मोकळा नव्हता.

प्रमेय वाचलं नाही. म्हणजे, निम्मं वाचलं.
निघताना बघितलं, दारावरचं नाव
कुणाच्या तरी खांद्याला लागून गेलं होतं,
तिन्ही लिप्यांतलं थोडं थोडं.

सीबीटीच्या बसमध्ये सरांनी स्वतःचं तिकीट काढलं.
मला कंडक्टरनं शून्य रुपयांचं फाडून दिलं,
बायकांना मिळतं ते.
त्याच्या पाठीवर मी सातवी ओळ उतरवली
आणि संचाच्या आधी एक शब्द घातला: परिबद्ध.
एवढ्या एका शब्दानं प्रमेय किती लहान झालं.
सर शेजारी झोपले होते. किंवा ऐकत होते.

पुढच्या गुरुवारी तरन्नुमची पाळी.
मी खिडकीपाशी बसणार आहे.