अकरा ग्रॅम

कोरडा डायपर अठ्ठावीस ग्रॅम भरतो.
बाइया ब्लांकाच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
ग्रिसेल्दा नर्स दर तीन तासांनी तो काट्यावर ठेवते
आणि वहीत लिहिते: अठ्ठावीस.
मी विचारत नाही.
तिच्या खांद्यावरून वाचते.

लिसांद्रो अडीच वर्षांचा.
गेल्या महिन्यात मी त्याच्यावर ओरडले होते,
चादर ओली केली म्हणून.
"एवढा घोडा झालास, सांगता येत नाही?"
ओठ काढून उभा होता, चड्डी हातात घेऊन.

मोरेनाच्या वाढदिवसाला तादेओने, माझ्या दिराने,
अंगणात खिम्याच्या टिक्क्या भाजल्या.
बाहेरून खमंग, काळ्या.
आतून किंचित गुलाबी.
नऊ पोरांनी खाल्ल्या.
आठ अजून उंडारताहेत
दोर्रेगोच्या कापणी झालेल्या गव्हाच्या रानात.
हा हिशेब कुणाकडे मागायचा?

आधी जुलाब. मग जुलाबात रक्त.
पाचव्या दिवशी जुलाब थांबले
तेव्हा आम्ही हसलो, सूप केलं.
तो प्यायला नाही.
चुन्यासारखा पांढरा, पापण्या सुजलेल्या,
आणि सकाळी बांधलेला डायपर
संध्याकाळी तसाच.
मला वाटलं, चला, एक तरी वाचला.

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

डॉक्टर इराओला कागदावर काढून दाखवतात.
जंतू आतड्यातच बसून असतो, म्हणाले,
विष तेवढं रक्तात उतरतं.
मूत्रपिंडाच्या बारीक वाहिन्यांत गुठळ्यांचं जाळं होतं,
त्यातून जाताना तांबड्या पेशी चिरतात.
त्यांनी एक पेशी काढली,
कोपरा चावलेल्या बिस्किटासारखी.
"फार थोड्या मुलांना होतं असं."
थोड्या.
त्या शब्दात आम्ही दोघंच होतो, तो आणि मी.
"औषध?"
"औषध नाही, बाई. सांभाळणं आहे."

सांभाळणं म्हणजे पोटात एक नळी.
पाणी सोडायचं, थांबायचं, काढून घ्यायचं.
रात्री दोनलाही. पहाटे चारलाही.
आत दोनशे, बाहेर दोनशे दहा.
ते वरचे दहा ही त्या तासाची कमाई.
तो झोपेत पाणी मागतो.
ओल्या कापसाने मी त्याचे ओठ पुसते,
आणि तो कापूस चोखतो,
आणि मी तो काढून घेते.

तादेओ कॉरिडॉरमध्ये बसून असतो.
मातेचा पेला गुडघ्यावर, नळीला तोंड न लावता.
पाणी निवून जातं.
आम्ही वाऱ्याबद्दल बोलतो, बसच्या वेळांबद्दल.
एकदा म्हणाला, "वहिनी, मी..."
मी म्हटलं, "गरम पाणी घेऊन ये."
तो गेला, आणि बराच वेळ आला नाही.

नवव्या रात्री मी नळ सोडून ठेवला.
माझी आई करायची तसं,
त्याच्या कानाशी तोंड नेऊन
श्शू, श्शू, श्शू करत राहिले.
पलीकडच्या खाटेवरची बाई उठून बसली.
हसेल वाटलं.
तिनेही सुरू केलं. श्शू. श्शू.

बाराव्या दिवशी, सकाळी सहाच्या पाळीला,
ग्रिसेल्दाने डायपर काट्यावर ठेवला, उचलला,
काटा शून्यावर आणला, पुन्हा ठेवला.
एकोणचाळीस.
ती काही बोलली नाही.
दार उघडून कॉरिडॉरभर ओरडली,
"केली! सातव्या खाटेने शू केली!"
झाडूवाला टाळ्या वाजवायला लागला.
तादेओ भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.
अकरा ग्रॅम. दोन चमचे.
मी तो डायपर हातात घेतला.
कोमट होता.

आता घरी आहोत.
दर वर्षी तपासायचं, डॉक्टर म्हणालेत,
मूत्रपिंडं विसरत नाहीत.
तादेओ मांसाचा प्रत्येक तुकडा मधोमध कापतो
आणि उजेडाकडे धरून बघतो,
लग्नातसुद्धा, दुसऱ्यांच्या ताटातलासुद्धा.
लोक हसतात. हसू देत.

काल रात्री लिसांद्रोने चादर ओली केली.
"आई, झाली," म्हणाला, घाबरून.
मी दिवा लावला.
चादर गोळा करून स्वयंपाकघरात नेली,
पिठाच्या तराजूपाशी,
आणि तिथेच उभी राहिले जराशी,
कोरडी चादर किती भरते
हे कधी मोजलं नव्हतं म्हणून.