रविवारचा फोन

रविवारी अकरा ते एक, ऑफिसातला फोन मुलांचा.
माणशी चार मिनिटं. घड्याळ माझ्या हातात.
पेठ रोडच्या या वसतिगृहात
तीस मुलं, एक फोन,
आणि नियम मीच केलेला. हिशेब तसाच बसतो.

रांगेत मुलं बोलायचं पाठ करत राहतात
आणि फोन कानाला लागला की सगळं विसरतात.
जेवला का? जेवलो.
काय होतं? वरण.
मग नुसतं ऐकत राहतात
तिकडचा कोंबडा, कुणाचं खोकणं, चक्कीचा पट्टा.
सहावीतला रोहिदास आईला म्हणाला,
फोन शेळीपाशी ने.
शेळी काही बोलली नाही. चार मिनिटं त्यातच गेली.
तरी तो हसत गेला.

भिवसन टोपले. पाचवी. पेटी क्रमांक एकोणीस.
नंबर तोंडपाठ, स्वतःच दाबायचा,
खिडकीकडे वळून, पलीकडच्या रामशेजला सांगावं तसं
हळू आवाजात भरभरून बोलायचा.
हो, नवी गोधडी मिळाली. नाही, कुणी मारत नाही.
गणिताला सोळा. वीसपैकी.
तुझा पाय कसा आहे?
एवढं सलग बोलणारं दुसरं कुणी नव्हतं.
मला कौतुक वाटायचं.

डिसेंबरात एकदा चुकून कॉलची यादी उघडली.
त्याच्या नंबरासमोर, जुलैपासून दर रविवारी,
शून्य मिनिटं शून्य सेकंद.
मी लावून पाहिला.
हा क्रमांक सध्या सेवेत नाही, असं एक बाई सांगते,
आधी मराठीत, मग हिंदीत.
पाच महिने तो तिला गणिताचे मार्क सांगत होता.

प्रशिक्षणात आम्हाला तक्ता दिला होता,
मुलाशी संवाद कसा साधावा, बाण काढून.
तक्ता कपाटावर आहे.
मी आठवीत, बोर्डिंगात,
मामाच्या नावानं स्वतःलाच पोस्टकार्ड लिहिलं होतं.
रेक्टरांनी अक्षर ओळखलं
आणि जेवणाच्या पंगतीत मोठ्यानं वाचलं.
त्यानंतर वर्षभर मी आमटी घेतली नाही.

पुढच्या रविवारी म्हणालो, भिवसन,
चष्मा सापडत नाही, घड्याळ तू बघ.
त्यानं दोन्ही हातांत धरलं.
पहिल्याला सहा मिनिटं मिळाली, दुसऱ्याला आठ.
रोहिदासची शेळी त्या दिवशी ओरडली, तेव्हा अकरा.
चार झाली का रे?
नाही सर, काटा अजून चाललाय.
दोन वाजले. मंदाबाई पळी आपटून गेल्या.
त्याची पाळी सगळ्यात शेवटी होती.
राहू द्या सर, म्हणाला, भात गार होतोय.

सोमवारी गाडी काढली.
त्याच्या गावच्या एका पोरानं सांगितलं होतं,
आई दिंडोरीकडं, मोहाडीच्या बागांत.
वीस-पंचवीस किलोमीटर. इतकं जवळ.
तिसऱ्या बागेत मुकादमानं हाक मारली.
विरळणीची कात्री हातात घेऊन ती आली,
मला पाहून आधी घाबरली.
मी घाईनं म्हणालो, बरा आहे, बरा आहे.
गणिताला सोळा. वीसपैकी.
फोन आवणीच्या चिखलात गेला, म्हणाली,
नवा घ्यायचा तर उचल वाढते.
पाय कसा आहे, विचारत होता.
तिनं पायाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.
बराय म्हणावं.

हे त्याला कसं सांगणार?
तू बोलत होतास ते मी ऐकलंय,
असं सांगितलं की माझा रेक्टर होतो.
मुकादमाचा नंबर चिठ्ठीवर लिहिला
आणि रविवारी एवढंच म्हणालो, नंबर बदललाय.

त्यानं एकेक आकडा बोट ठेवून दाबला.
खिडकीकडं वळायचं राहून गेलं.
जेवलो, म्हणाला.
वरण, म्हणाला.
मग नुसता ऐकत राहिला.
घड्याळ परत माझ्याकडं आलं होतं.
चष्मा अजून सापडलेला नव्हता.