इंजिन नंबर

हेड उतरवून भटू मिस्त्रीने
सिलिंडरमध्ये बोट फिरवलं,
माठ घेताना तडा शोधावा तसं,
आणि बोट बनियनला पुसलं.
“मावशी, बोअर साठवर गयं शे.
आते येम्हान लोखंडच उरनं नही.”

शिरपूरच्या अलीकडे, आग्रा रोडला लागून
पत्र्याचं शेड. मे महिना.
ट्रक गेला की पान्हे हलतात खिळ्यांवर.
जीप आ वासून उभी,
बॉनेट भिंतीला टेकवलेलं,
ऑइलच्या कापलेल्या डब्यात तिचे नट,
कुणाचे कुठले ते फक्त शोएबला ठाऊक.

बांधायचं तर स्लीव्ह टाकाव्या लागतील,
पिस्टन दिल्लीहून,
आले तर दिवाळीपर्यंत.
नाहीतर डिझेल. “धुयाले एक पडेल शे,”
उलटलेल्या पिकअपचं, आठ दिवसांत बसतं.
भाच्याने मोबाइलवर हिशेब मांडला होता:
लिटरला सात, लिटरला चौदा.
त्याचं गणित चुकत नाही, लहानपणापासून.

मी मात्र घरूनच ठरवून आले होते.
हे पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी सांगत,
कंपनीतून निघाली तशी आहे,
एक बोल्ट परका नाही.
जिनिंगसाठी कापसाचे नमुने आणायला
खेतिया, पानसेमल, सेंधवा,
बिजासणीच्या घाटात एकदाही ढकलावी लागली नाही म्हणत.
(दोनदा लागली. मीच ढकलली.)
अरुणावतीच्या कोरड्या पात्रात
मला क्लच शिकवताना म्हणाले,
हळू, हिचं हृदय जुनं आहे.
ते हृदय मी कसं भंगारात देणार?

तेवढ्यात शोएबने रॉकेलच्या फडक्याने
ब्लॉकची कूस घासली.
काजळीखालून आकडे वर आले,
त्याने एकेक मोठ्याने वाचला.
मी प्लास्टिकमधलं पुस्तक उघडून जुळवत गेले.
तिसऱ्या आकड्यापर्यंत जुळले.
भटूने चष्मा मागितला, पुस्तक मागितलं,
आणि बराच वेळ बोललाच नाही.
“मावशी, हाई इंजिन या गाडीनं नहीच.”

त्र्याऐंशीचा पावसाळा.
मी नंदुरबारला, माहेरी, बाळंतीण.
बावीस दिवस हे मुलगी बघायला आले नाहीत.
कार्ड आलं होतं: रस्ते बंद. गाडी जरा बसली आहे.

जरा!

मला हसू आवरेना.
भटूला वाटलं ऊन लागलं,
त्याने पोराला पाणी आणायला पिटाळलं.

तर हे असं.
चाळीस वर्षं मी ज्याच्या आवाजावरून
ते वळणावर आले हे ओळखून गॅस पेटवायचे,
ते कुठल्या तरी दुसऱ्याच गाडीचं,
दुसऱ्याच सांगाड्यात येऊन बसलेलं,
दुसऱ्याच्या नंबराला ओ देत
घाट चढत राहिलेलं.
कुणी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

मी मथुरा होते.
ताटातल्या तांदळात अंगठीने
सुलभा लिहिलं,
आणि दुसऱ्या दिवशी ते तांदूळ शिजवले.
मीही दोन घास खाल्ले. मोकळा झाला होता भात.

भाचा म्हणाला, मग तर प्रश्नच मिटला, मामी,
मूळचं नाहीच म्हटल्यावर ठेवायचं कशाला?
त्याचं गणित चुकत नाही.

“बांध,” मी भटूला म्हणाले.
“स्लीव्ह टाक. दिवाळी तर दिवाळी.
पण आधी नंबर उतरवून दे,
पुस्तकात चढवून घेते.”
“आरटीओ इचारी, कथाइन उनं? बिल कोठे शे?”
विचारू दे.
धुळ्याला एसटी दर अर्ध्या तासाला आहे,
आणि मला आता घाई कसली.

शोएबने वहीचा कागद ब्लॉकवर दाबला,
पेन्सिल आडवी धरून घासू लागला.
करड्या शिशातून आकडे पांढरे उठले,
एक, एक, एक.
शेवटचा नीट उमटला नाही.
थांबा, म्हणाला, दुसरा कागद घेतो.