पस्तीस

कॅमेरा पुलाच्या कठड्यावर आपटला,
पट्ट्याने वाचला, पण लेन्सची कडी
पस्तीसवर जी रुतली
ती रुतलीच.

कुताइसीत माझ्या ओळखीचा दुरुस्तीवाला एकच, वाझा.
घड्याळं, शिलाई मशिनं, हेअर ड्रायर, सगळं त्याच्याकडे.
कलिंगड पारखावं तशी त्याने लेन्स
कानाशी धरून हलवली.
"आतला दात पडलाय. इस्तंबूलहून येईल. वसंतात."
बाहेर नोव्हेंबर होता,
आणि नव्या लेन्सची किंमत म्हणजे सहा महिन्यांचं घरभाडं.

तोवर मी अशी होते:
रिओनीच्या पुलावर उभी राहून
पलीकडच्या काठावरच्या म्हातारीच्या सुरकुत्या मोजायची.
तिला पत्ताच नसायचा.
अंगठा आणि तर्जनीत सगळं गाव फिरायचं.
दुरून डोंगर साजरे, म्हणतात.
मी तर डोंगर जागच्या जागी ओढून घेत होते,
आणि एकही चढ
माझ्या पोटऱ्यांना ठाऊक नव्हता.

पहिले आठवडे वाया गेले.
भट्टीवाली लामारा मातीच्या रांजणात
कमरेपर्यंत वाकून आतल्या भिंतीला
होडीसारखे पाव थापते.
दारातून फोटो काढला:
निम्मी फरशी, एक सायकल,
आणि लामारा मुंगीएवढी.
आत गेले तर पाठीला भिंत लागली.
आता ती मावेना.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, कबूल,
पण इथे भिंतच उशाला आलेली.
मग नुसती पाठ. मग नुसत्या
जमिनीवरून सुटलेल्या दोन टाचा.

चौथ्या दिवशी ती म्हणाली,
"एवढी जवळ येऊन उभीच राहणार असशील
तर हे धर,"
आणि हातात पिठाचा गोळा दिला.
त्या दिवसाचा फोटो नाही.
बटणाच्या खाचेत अजून पीठ आहे.
आणि एवढं कळलंय की तिचा मुलगा पोलंडमध्ये ट्रक चालवतो,
आणि त्याचा फोन चुकला की
सोमवारचे पाव खारट होतात.

जानेवारीत पलीकडच्या काठाने
एक माणूस पाठीवर दार घेऊन
बर्फातून चालला होता.
कॅमेरा डोळ्याला लावला: एक ठिपका.
खाली घेतला.
मध्येच तो थांबला, दार उभं केलं,
आणि दाराच्या आडोशाला
सिगरेट पेटवली.
मग दार उचललं, गेला.
तो माझ्याजवळ नाही.
सांगता मात्र येतो.

आईचं नाक पस्तीसवर मोठं यायचं.
दोन पावलं मागे जाऊन पुन्हा काढला, दाखवला.
"आधीचाच ठेव," ती म्हणाली, "आहेच ते मोठं."

कधी सुरू झालं माहीत नाही,
पण बिनकॅमेऱ्याचीही मी थबकायला लागले.
रांगेत, जिन्यात, जेवताना.
खुर्ची थोडी मागे सरकवायची,
म्हणजे खिडकी आणि आईचा खांदा
एकत्र बसतात.
"काय गं, कोणी येणार आहे का?" आई विचारायची.

एप्रिलमध्ये दात आला.
वाझाने बसवला, वर तेलाचा थेंब सोडला.
कडी अशी फिरली
जशी कधी रुसलीच नव्हती.
तशीच पुलावर गेले. फिरवली.
पलीकडची म्हातारी सुरकुत्यांसकट
डोळ्यापुढे आली,
काही न बोलता.

कडी पस्तीसवर आणली
आणि पूल ओलांडला.
आठ वर्षांत पहिल्यांदाच
त्या बाजूच्या पायऱ्या उतरले. सत्तावीस आहेत.
शेवटच्या पाच नुसत्या चिखलाच्या.

म्हातारीने पोत्यावरचे हिरवे आंबट आलुबुखार
हाताने सारखे केले.
"त्या पुलावरून मला न्याहाळणारी
तूच ना ती?
मी रोज पदरा— नाही, रुमालाची गाठ
नीट करून बसायचे."
मग जरा थांबून,
"किती देऊ?"

अर्धा किलो मागितले.
एक तिथेच खाल्ला, दात आंबले.
तिचं नाव एतेरी.
फोटो अजून काढलेला नाही.