डायलचा काटा

उद्यमबागेत आमच्या वर्कशॉपच्या मागच्या नळावर
वजूला सुरुवात व्हायची ती लाकडाच्या भुशानं.
आधी भुसा, मग कपड्याची साबणवडी,
मग पाणी.
तरी नखांच्या कडेनं काळी रेघ राहायचीच.
हाफिजसाब म्हणायचे, बंदेनवाज,
ग्रीसचा थर काढ, रंग राहिला तर चालतो.
थर आणि रंग यांतला फरक
मला त्या नळावर कळला.

शेजारच्या लेथवर येळ्ळूरचा कल्लाप्पा.
एकदा चहाचा ग्लास पुढं करत म्हणाला,
"दिवसातनं पाच खेपा काय मागतोस बे त्याच्याकडं?
यादी संपत नाही की काय तुझी?"
मी हसलो. उत्तर नव्हतं.
मागायचं ते पहिल्या वर्षीच मागून झालं होतं:
शमीमचं लग्न, पिरनवाडीत दोन खोल्या,
अब्बांचा खोकला थांबू दे.
त्यातलं एक मिळालं.
तरी जात राहिलो.

दुपारी त्यानं चकात कास्टिंग बांधलं,
डायल लावला, हातानं चक फिरवला.
काटा पळाला चाळीसवर.
एक जबडा सैल, समोरचा घट्ट,
तांब्याच्या हातोडीनं एक टोला,
पुन्हा फिरव. वीस. पुन्हा. सात.
हे बघ, मी म्हटलं, हेच.
"काय हेच?"
काल सेंटरला बसवलेला जॉब
आज सकाळी कुठं असतो रे?
कल्लाप्पा बोलला नाही.
पुढचा टोला मात्र हळू मारला,
झोपलेल्या पोराला थोपटावं तसा.

आता गुडघ्यात डॉक्टरांनी धातू बसवलाय.
मनातल्या मनात मी त्याचं फिनिश तपासतो.
सफच्या टोकाला प्लास्टिकची खुर्ची.
सगळे खाली जातात तेव्हा
पंख्याखाली मी एकटा उंच,
आणि समोर उघडे तळवे:
कुणाच्या टाचेला भेग, कुणाच्या मोज्याला भोक.
छत्तीस वर्षं सजद्यात फक्त चटईच पाहिली होती.

मान झुकवतो. कपाळ हवेतच थांबतं,
जमिनीपासून दोन हात वर.
त्या दोन हातांच्या जागेत
काय काय येऊन बसायला लागलं:
रागात बायकोला बोललेला एक शब्द,
मालकाच्या डोळ्यांत बघून
"ओके" म्हणून पाठवलेला तो तिरका शाफ्ट,
कुठल्या विहिरीवर अजून थरथरत असेल.
कपाळ टेकायचं तेव्हा
हे कधी दिसलं नव्हतं.

काल इशाला वीज गेली.
पंखे एकेक करून गप्प झाले.
अंधारात मी झुकलो,
कपाळ कुठवर गेलं
ते कुणाला दिसलं नाही, मलासुद्धा.

बाहेर आलो तर कल्लाप्पाचा फोन:
"नवीन पोरगं आलंय बघ. हात चांगला, पण घाई फार.
उद्या येऊन त्याला सेंटर लावायला शिकव की."
येतो म्हटलं.
फजर झाली की येतो.